विश्लेषण : मोलगीतल्या रिचार्जवरचा कर चुकत नाही, मग श्रीमंतांचा कर कायद्यात राहून कसा टळतो?

होळी जवळ आली की सातपुड्यातल्या मोलगीचा बाजार फुलतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवरून माणसे येतात. येताना कुणाच्या गाठोड्यात आमचूर असतो, कुणाच्या भगर. परत जाताना पिशवीत तेल, साबण, नवे कपडे असतात आणि खिशातल्या मोबाइलमध्ये नवे रिचार्ज.

समजा, या बाजारात एका तरुणाने २९९ रुपयांचे रिचार्ज मारले. त्यातले सुमारे ४५ रुपये ६१ पैसे हा जीएसटी आहे, कारण मोबाइल सेवेवर १८ टक्के कर लागतो आणि तो किमतीतच धरलेला असतो. या तरुणाने कोणता फॉर्म भरला नाही, कुणा सीएला विचारले नाही. कर भरायचा की टाळायचा, हा प्रश्नच त्याच्यासमोर आला नाही.

आता दुसरा व्यवहार पाहू. ११ फेब्रुवारी २००७ रोजी मुंबईतून चालणारी एक मोबाइल कंपनीच विकली गेली. किंमत होती सुमारे ११ अब्ज डॉलर. त्या विक्रीच्या नफ्यावर भारतात शेवटी किती कर लागला? शून्य. आणि तो शून्य कायदेशीर होता, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

दोन्ही व्यवहार कायद्यात बसणारे आहेत. तरीही दुसरा आकडा वाचून मनात काहीतरी खटकते. ते नेमके काय खटकते आणि त्या खटकण्याला आधार आहे का, हे समजून घेऊया.

थोडक्यात

- कर चुकवणे हा गुन्हा आहे. कायद्यातल्या फटी वापरून कर टाळणे हा बहुतेक वेळा गुन्हा नसतो.
- वस्तू आणि सेवांवरचा कर किमतीतच असतो, त्यामुळे गरिबाला तो टाळता येत नाही. टाळण्याची सोय प्रामुख्याने मोठी मालमत्ता असलेल्यांकडे असते.
- शेतकऱ्यांच्या नावाने असलेल्या करसवलतीचा मोलगीतल्या छोट्या शेतकऱ्याला प्रत्यक्षात काहीच फायदा होत नाही.
- महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी एकेकाळी एका खास करातून उभी राहिली होती. म्हणून हा प्रश्न फक्त मुंबई-दिल्लीचा नाही.

चुकवणे, टाळणे आणि नियोजन यांत फरक काय?

बोलताना आपण सगळ्यालाच 'टॅक्स वाचवणे' म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

*करचुकवेगिरी :* उत्पन्न लपवणे, खोटी बिले लावणे, रोखीचा व्यवहार न दाखवणे. हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

*करनियोजन :* सरकारने एखादी गोष्ट लोकांनी करावी म्हणून सवलत दिली आणि तुम्ही ती गोष्ट खरोखर केली. पीपीएफमध्ये पैसे टाकले, आरोग्य विमा काढला, जुन्या करप्रणालीत त्याची वजावट घेतली. यात वावगे काही नाही. सरकारला तेच हवे होते.

*कर टाळणे :* इथे खोटे काहीच नसते. सगळे कागद खरे, सह्या खऱ्या, कंपन्याही खऱ्या नोंदलेल्या. पण व्यवहाराची रचना अशी केलेली असते की कर लागण्याचा प्रसंगच येऊ नये. व्यवहार त्या आकारात होण्याचे मुख्य कारण धंदा नसून कर हेच असते.

वाद आहे तो या तिसऱ्या प्रकाराबद्दल.

व्होडाफोन प्रकरणात काय झाले होते?

हे प्रकरण थरांमध्ये समजून घेतले तर सोपे आहे.

सर्वांत खालचा थर म्हणजे हचिसन एस्सार ही भारतातली मोबाइल कंपनी. टॉवर इथले, ग्राहक इथले, स्पेक्ट्रम इथला. तिच्यावर नियंत्रण होते परदेशातल्या कंपन्यांच्या एका साखळीचे. या साखळीत केमन बेटांवर नोंदलेली 'सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स' ही कंपनी होती. हाँगकाँगच्या हचिसन समूहाने भारतातल्या कंपनीचे शेअर थेट विकले नाहीत. केमनमधल्या या कंपनीचा एकच शेअर विकला आणि तो व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने घेतला. त्या एका शेअरबरोबर भारतातल्या कंपनीतला सुमारे ६७ टक्के हिस्सा व्होडाफोनच्या हाती आला.

प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे : विकली गेलेली खरी मालमत्ता भारतात आहे, म्हणून विक्रेत्याच्या नफ्यावर भारतात कर लागतो. पैसे देताना तो कर व्होडाफोनने कापून घ्यायला हवा होता. मागणी होती ११ हजार कोटी रुपयांहून अधिक.

कंपनीचे म्हणणे असे : एका परदेशी कंपनीने दुसऱ्या परदेशी कंपनीकडून तिसऱ्या परदेशी कंपनीचा शेअर घेतला. भारताच्या त्या वेळच्या कायद्यात अशा व्यवहारावर कर नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये खात्याच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी तो फिरवला. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या खंडपीठाने कंपनीचे म्हणणे मान्य केले आणि आधी भरून घेतलेले २,५०० कोटी रुपये ४ टक्के व्याजासह परत करायला सांगितले.

पुढे सरकारने २०१२ च्या अर्थसंकल्पात कायदाच बदलला आणि तो बदल थेट १९६२ पासून लागू केला. म्हणजे खेळ संपल्यावर नियम बदलले. त्यावर जगभरातून टीका झाली. सप्टेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने भारताच्या विरोधात निकाल दिला. अखेर २०२१ मध्ये संसदेने मागच्या तारखेने कर लावण्याची ही तरतूद मागे घेतली.

या प्रकरणात दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. कर टाळण्याची रचना खटकते, तशी मागच्या तारखेने कर लावणारी सत्ताही खटकते. नीतीचा प्रश्न फक्त करदात्याला विचारून भागत नाही, तो सरकारलाही विचारावा लागतो.

एका गोष्टीची नोंद मात्र ठेवायला हवी. कंपनी विकली गेली त्या काळातही तिच्या प्रत्येक ग्राहकाच्या रिचार्जमधून सेवाकर कापला जात होता. त्यात एकाही ग्राहकाला केमनची वाट उपलब्ध नव्हती.

न्यायालये नीतीबद्दल काय म्हणतात?

या विषयावरचा जगभर सांगितला जाणारा खटला आहे इंग्लंडमधला, १९३५ चा. वेस्टमिन्स्टरचे ड्यूक हे तिथले बडे जमीनदार. त्यांनी आपल्या माळ्याला पगार देण्याऐवजी एक करारनामा लिहून दिला आणि ठरावीक रक्कम 'वार्षिक देणे' म्हणून देऊ लागले. माळी आधीसारखाच बागेत राबत होता, पैसेही साधारण तेवढेच मिळत होते. पण पगाराची वजावट मिळत नव्हती आणि वार्षिक देण्याची मिळत होती, म्हणून ड्यूक यांचा कर कमी झाला. तिथल्या सर्वोच्च पीठाने ते योग्य ठरवले. कायद्यात राहून आपला कर कमी करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असे तत्त्व त्यातून रुजले.

भारतात १९८५ मध्ये मॅक्डोवेल या मद्यकंपनीच्या खटल्यात हे तत्त्व तपासले गेले. न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यात स्वतंत्र मत लिहिले आणि कर टाळण्याचे दुष्परिणाम एकेक करून मांडले. तिजोरीचे नुकसान होते. काळा पैसा वाढतो. एका बाजूला हुशार सल्लागार आणि दुसऱ्या बाजूला अधिकारी अशी बुद्धीची लढाई चालू राहते. आणि चतुर माणसाने झटकलेले ओझे ज्यांना अशी चतुराई जमत नाही त्या साध्या नागरिकांच्या खांद्यावर जाते. त्याच निकालात बहुमताने मात्र मध्यम वाट धरली : कायद्याच्या चौकटीतले नियोजन चालेल, बनावट मुलामा चालणार नाही.

त्यानंतर २००३ च्या 'आझादी बचाओ आंदोलन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मॉरिशसमार्गे गुंतवणूक करून करसवलत घेणे वैध ठरवले. २०१२ चा व्होडाफोन निकालही त्याच वाटेने गेला.

म्हणजे न्यायालये मुख्यतः एवढेच पाहतात की कर कायद्यात लिहिला आहे का. तेही रास्तच आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम २६५ सांगते. हे कलम तुमच्या-आमच्या संरक्षणासाठी आहे. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने 'नैतिकदृष्ट्या तुम्ही जास्त द्यायला हवे' असे म्हणत दारात उभे राहू नये, म्हणून ते आहे.

श्रीमंतांकडे कोणते कायदेशीर मार्ग असतात?

केमन बेटे लांब राहिली. रोजच्या कायद्यातच पुरेसा फरक आहे.

*१. पगार आणि भांडवली नफा यांचे वेगळे दर.* २०२५-२६ च्या दरांनुसार ढोबळ हिशेब करू. नव्या करप्रणालीत वर्षाला एक कोटी रुपये पगार घेणाऱ्याला अधिभार आणि सेस धरून सुमारे २९ लाख रुपये कर बसतो. शेअर बाजारात नोंदलेले शेअर वर्षभराहून अधिक काळ ठेवून ते विकले आणि एक कोटी नफा झाला, दुसरे उत्पन्न नसले, तर कर साधारण साडेतेरा लाख. ऑक्टोबर २००४ ते मार्च २०१८ या काळात तर अशा नफ्यावर कर शून्य होता.

*२. न विकणे.* शेअरची किंमत कितीही वाढली तरी विकेपर्यंत ते उत्पन्न धरले जात नाही. खर्चाला पैसे हवे असतील तर ते शेअर तारण ठेवून कर्ज घेता येते. कर्ज हे उत्पन्न नाही, म्हणून त्यावर कर नाही.

*३. वारसा.* भारतात १९८५ मध्ये वारसा मालमत्तेवरचा इस्टेट ड्यूटी हा कर रद्द झाला. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला आणि त्याऐवजी अतिश्रीमंतांच्या उत्पन्नावर अधिभार वाढवला गेला. वारसाने मालमत्ता विकली तर मूळ खरेदी किमतीपासूनच नफा मोजतात, त्यामुळे कर कायमचा पुसला जात नाही. पण न विकता तो पिढ्यानपिढ्या पुढे ढकलता येतो.

*४. घर घेणे.* शेअर किंवा इतर मालमत्ता विकून आलेली रक्कम ठरावीक मुदतीत घरात गुंतवली की भांडवली नफ्यावर सवलत मिळते. सामान्य माणसाला घर घेता यावे, हा हेतू. २०२३ पर्यंत या सवलतीला वरची मर्यादाच नव्हती. कोट्यवधींचे आलिशान घर घेऊन तेवढ्या नफ्यावरचा कर शून्य करता येत होता. २०२३ च्या अर्थसंकल्पात १० कोटींची मर्यादा घातली गेली.

यात बेकायदा काहीही नाही. पण प्रत्येक मार्गाची एक पूर्वअट आहे : आधी मोठी मालमत्ता हवी. मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका किंवा आश्रमशाळेतला शिक्षक यांचे उत्पन्न म्हणजे पगार. कर लागत असेल तर तो हातात येण्याआधीच कापला जातो. बाजारातल्या मजुराला तर विवरणपत्रच भरावे लागत नाही, पण साबणापासून रिचार्जपर्यंत तो कर देतच असतो.

हिशेब करून पाहा. २९९ रुपयांचे २८ दिवसांचे रिचार्ज वर्षातून १३ वेळा मारले तर जीएसटी होतो सुमारे ५९३ रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. १०० दिवसांचे पूर्ण काम मिळाले तर ३१,२०० रुपये. म्हणजे फक्त रिचार्जवरचा कर या कमाईच्या १.९ टक्के. वर्षाला पाच कोटी कमावणाऱ्यानेही तेच रिचार्ज मारले तर त्याच्यासाठी हेच प्रमाण ०.००१२ टक्के पडते.

शेतकऱ्याच्या नावाची सवलत कुणाला मिळते?

भारतात शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. राज्यघटनेने हा विषय केंद्राऐवजी राज्यांकडे दिला आहे. या सवलतीचे समर्थन नेहमी गरीब शेतकऱ्याच्या नावाने होते.

आता मोलगी परिसरातल्या डोंगरउतारावर भगर, मका पिकवणारे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आंब्याच्या फोडी वाळवून ते आमचूर विकते. समजा, उद्या ही सवलत रद्द झाली. या कुटुंबाला किती कर बसेल? शून्य. कारण नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर तसाही कर लागत नाही. म्हणजे ज्याच्या नावाने सवलत टिकून आहे, त्याला तिचा एका रुपयाचाही फायदा नाही. फायदा होतो तो ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर आहे त्याला. त्यातही शेती हा ज्याचा खरा धंदा आहे असा बागायतदार वेगळा आणि इतर धंद्याचा पैसा शेतीच्या खात्यावर दाखवणारा वेगळा. दुसरा सरळ करचुकवेगिरी करतो, पण सवलतीला मर्यादा नसल्यामुळे त्याला लपायला जागा मिळते.

ही शंका हवेतली नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅग यांनी २०१९ च्या अहवालात शेती उत्पन्नाच्या सवलतीची प्रकरणे तपासली. त्यांपैकी सुमारे २२ टक्के प्रकरणांत पुरेशी कागदपत्रे न तपासताच सवलत मान्य झाल्याचे त्यांना आढळले.

आदिवासींना प्राप्तिकर माफ असतो ना?

असा समज बऱ्याच जणांचा आहे. तो अर्धवट खरा आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली ही सवलत अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा, लडाख आणि आसाम-मेघालयातल्या ठरावीक भागांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांना, तिथल्या उत्पन्नावर आहे. नंदुरबारला ती लागू नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. इथला आदिवासी शिक्षक किंवा पोलीस शिपाई करपात्र असेल तर इतरांइतकाच कर देतो.

मोलगीचा या प्रश्नाशी थेट संबंध कुठे येतो?

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे ठोस उत्तर आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर आली. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा लागणार. म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्याकडून तो घ्यायचा, राज्याने त्यात तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. तुमच्या पगाराच्या स्लिपवर आजही 'पीटी' म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि मजुरीचा मोठा भार केंद्राच्या तिजोरीकडे गेला. त्या कायद्याच्या पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत नंदुरबार होता.

मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले २०० रुपये आणि सातपुड्यातल्या बांधबंदिस्तीच्या कामावरची मजुरी यांचा धागा इतका सरळ जोडलेला होता. काम गावात मिळाले तर दिवाळीनंतर मुलाबाळांसह गुजरातकडे मजुरीला जाण्याची वेळ काही घरांवरची तरी टळते. कर म्हणजे काय, हे याहून सोप्या भाषेत सांगता येणार नाही.

पण याच करात एक गंमत दडलेली आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार व्यवसाय कर एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५० वरून २,५०० झाली आणि तिथेच थांबली. महाराष्ट्रात महिन्याला दहा हजारांहून थोडा जास्त पगार असलेला पुरुष कर्मचारी २,५०० रुपये भरतो आणि महिन्याला एक कोटी घेणारा अधिकारीही २,५०० रुपयेच भरतो. २०२५-२६ च्या दराने ही रक्कम म्हणजे एका मजुराची आठ दिवसांची मजुरी. इथे कुणी काही टाळलेले नाही. सवलत थेट नियमातच बसलेली आहे.

मग कर टाळणे अनैतिक आहे का?

समर्थनाची बाजू आधी नीट ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही.

- कायद्याने जे मागितले तेवढे दिले, यात चूक काय? जास्त हवे असेल तर संसदेने कायदा बदलावा.
- गुंतवणुकीवर कमी कर असेल तर उद्योग येतात, रोजगार येतो.
- सरकार तरी पैसा नीट वापरते का? पाड्यावर रस्ता नाही म्हणून रुग्णाला बांबूच्या झोळीतून न्यावे लागते, अशा बातम्या याच भागातून येतात. मग जास्त कर कशासाठी?

तिसरा मुद्दा सगळ्यांत जिव्हारी लागतो आणि तोच उलटा फिरतो. सरकारच्या कारभारावर सर्वाधिक नाराज होण्याचा हक्क झोळी खांद्यावर घेणाऱ्याला आहे. पण नाराज होऊन त्याला रिचार्जवरचा कर थांबवता येत नाही. नाराजी व्यक्त करण्याचा हा मार्ग फक्त श्रीमंताला उपलब्ध असेल, तर तो निषेध न राहता विशेषाधिकार होतो.

पहिल्या मुद्द्यातही एक अडचण आहे. संसदेने कायदा बदलावा हे बरोबर. पण कायदा लिहिला जात असताना उद्योगसंघटना, कर सल्लागार, मोठ्या लॉ फर्म आपले म्हणणे मांडत असतात. मोलगीच्या बाजारातून अर्थसंकल्पपूर्व निवेदन द्यायला कुणी जात नाही. नियम घडवण्यात ज्याचा आवाज मोठा, त्यालाच 'मी तर फक्त नियम पाळले' असे म्हणण्याची सोय मिळते. मग नियम पाळले एवढे सांगून जबाबदारी संपत नाही.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर प्रत्येक सवलतीनुसार बदलेल. कारखाना उभा राहिला असेल तर सवलतीचे काम झाले. केमनमध्ये फक्त एक नोंदणी झाली असेल तर कुठला रोजगार आला, हे विचारायला हवे.

योग्य-अयोग्य कसे ओळखायचे? तीन प्रश्न

*१. सवलत ज्या कामासाठी दिली, ते काम झाले का?* आरोग्य विम्याची वजावट घेणाऱ्याने विमा खरोखर काढलेला असतो. घराची सवलत मोठ्या नफ्यावरचा कर मिटवण्यासाठी वापरली, तर हेतू बाजूला पडला.

*२. करातला फायदा काढून टाकला तर व्यवहार त्याच आकारात झाला असता का?* माळ्याने बागेत काम केलेच असते, पण त्याच्या पगाराला 'वार्षिक देणे' हे नाव मिळाले नसते.

*३. हीच सोय कमी उत्पन्नाच्या माणसाला वापरता येते का?* येत नसेल आणि तिच्यामुळे कमी झालेला महसूल इतर करांतून भरून काढला जात असेल, तर ओझे कुणाकडे सरकले हे उघड आहे.

हे प्रश्न स्वतःलाही विचारता येतात. जुन्या करप्रणालीत प्रत्यक्षात न भरलेल्या भाड्याची पावती लावून घरभाडे भत्त्याची सूट घेणे हे कर टाळणे नाही, ती चोरीच आहे. 'मोठे लोक एवढे करतात, माझे काय' हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

फटी बुजवण्यासाठी काय झाले आहे?

काहीच झाले नाही असे नाही. मॉरिशसबरोबरचा करार मे २०१६ मध्ये बदलला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारताला कर लावण्याचा अधिकार मिळाला. त्याच तारखेपासून 'गार' हे सर्वसाधारण करटाळणीविरोधी नियम लागू झाले. एखाद्या व्यवहाराचा मुख्य हेतू फक्त कर वाचवणे आहे आणि त्यात धंद्याचे खरे काही नाही असे दिसले, तर खाते तो व्यवहार बाजूला सारून कर लावू शकते. मात्र करलाभ तीन कोटींहून जास्त असेल तरच. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा हे मान्य केले. २०२४ मध्ये ब्राझील जी-२० चा अध्यक्ष असताना अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी अब्जाधीशांनी दरवर्षी संपत्तीच्या किमान २ टक्के इतका कर द्यावा, असा प्रस्ताव मांडला. त्यावर एकमत झालेले नाही.

शेवटी याच जिल्ह्यातली एक नोंद. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्याच शहादा तालुक्यात, टेंभली गावात दिले गेले. धान्य, मजुरी, शिष्यवृत्ती यांसाठी इथल्या माणसाने बोटांचे ठसे दिले, डोळ्यांच्या बाहुल्या नोंदवल्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या दारिद्र्य अहवालात हाच जिल्हा राज्यात सर्वांत गरीब होता आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसे बहुआयामी गरिबीत होती. १०० दिवसांची मजुरी घेणाऱ्याची ओळख सरकारने इतक्या बारकाईने तपासली. केमनमधल्या एका शेअरमागे नेमके कोण उभे आहे, हे तितक्याच बारकाईने विचारले जावे, एवढी अपेक्षा मोलगीच्या बाजारात रिचार्ज मारणारा कुणीही ठेवू शकतो. त्याचे ४५ रुपये ६१ पैसे भरून झालेले आहेत.